ओवाळणीचा गाळ

माझं माहेर आणि माझं सासर एकाच ओढ्यावर. माहेर वर, सासर खाली, मधे कोस-दीड कोसाचं अंतर. लग्न ठरलं तेव्हा बायका म्हणाल्या, नशीबवान आहे पोरगी, माहेरचं पाणी दारात येतंय. आणि यायचं हो खरंच. पावसाळ्यात पूर आला की मी काठावर उभी राहून काय काय वाहत येतंय ते बघत बसायची. एकदा भोपळ्याची अख्खी वेल आली, आणि मी शपथेवर सांगत होते की ही आमच्या परसातलीच.

सासूबाई म्हणाल्या, "आला बघा हिच्या माहेरचा कचरा!"

मी म्हटलं, "कचरा का असंना, आत्याबाई, माझ्या माहेरचा हाय."

दोघीही हसलो होतो तेव्हा.

आता तुम्हाला आमच्या पाण्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओढा काही बारमाही नव्हता. दिवाळी झाली की धार बारीक व्हायची आणि माघ-फाल्गुनात वर नुसती वाळू. पण वाळूखाली पाणी असायचंच. हात-दीड हात खड्डा घ्यायचा, त्याला आम्ही झरा म्हणतो. एकेका भावकीचा एकेक झरा. सकाळी गेलं की आधी रात्रीचं साचलेलं पाणी उपसून बाजूला टाकायचं, मग गप बसायचं. कडेकडेनं नवं पाणी पाझरतं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायचं. निघताना शेरडांनी तोंड घालू नये म्हणून वर बाभळीची फांदी. आणि झऱ्यांच्या वरच्या अंगाला कुणी कपडे धुवायचे नाहीत, म्हशी बसवायच्या नाहीत. ही रीत कुणी शिकवावी लागत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, वाळू सगळं गाळून घेते. त्या पाण्याची गोडी काय सांगू! सोलापुरात नळाचं पाणी प्याले की मला तोंड धुतल्यासारखं वाटायचं, प्याल्यासारखं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तेही आटलं. मी खडी फोडायला गेले. आमच्या मालकांच्या जिरायतीत कणीस धरलं नव्हतं, घरात लेकरं दोन. सगळ्याच बाया जात होत्या, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण उन्हात दगडावर दगड ठेवून हातोडा मारायचा, आणि कपच्या उडून डोळ्यांत जायच्या. माझ्या अंगठ्याचं नख त्यातच गेलं, ते अजून वाकडं आहे. दुष्काळ सरला तेव्हा मी मालकांना म्हटलं, "ओढ्याकाठचा तो तुकडा मला द्या. मी माळवं लावते. पुन्यांदा खडी फोडायला मला जायचं न्हाय." माळवं म्हणजे आमच्याकडे भाजीपाला.

तुकडा केवढा, तर एका बाईनं घागरीनं पाणी घालावं एवढा. वांगी, मिरच्या, टोमॅटो, कडेनं गवार. माझं म्हणावं असं सासरी तेवढंच. टोपलं डोक्यावर घेऊन मंद्रूपच्या बाजाराला जायची. माझ्या वांग्यांना गिऱ्हाईक ठरलेलं होतं. एक म्हातारी तर टोपलं खाली उतरायच्या आतच हात घालायची आणि म्हणायची, "थांब गं, आधी मला निवडू दे, मग जगाला वीक."

आता भावाचं सांगते. धाकटा. आमच्याकडे घरात कानडी-मराठी दोन्ही चालतं, म्हणून धाकट्या भावाला आम्ही तम्मा म्हणायचो आणि आईला अव्वा. अव्वा शेतात जायची, तम्मा माझ्या कडेवर. माझी कंबर एका अंगाला कललेली आहे ती त्याच्यामुळे असं मी थट्टेनं सांगायची. मी शाळेत गेले नाही. त्याच्या पाटीवर त्याचं बोट धरून गिरवून घेताना माझी अक्षरं झाली. तो पुढं गेला, मी तिथूनच पुड्यांचे कागद वाचत वाचत इथवर आले.

दुष्काळानंतर त्यानं विहीर खोल केली, इंजन बसवलं आणि ऊस लावला. आमच्या दुष्काळी भागात ऊस! लोक बघायला यायचे. मलाही काय अभिमान वाटला. उसात सुरुवातीला खुरपण फार. पहिल्या वर्षी गावातल्या बाया ओळीनं खुरपायला होत्या, त्यांची गाणी आमच्या काठापर्यंत ऐकू येतात असं मला वाटायचं. दुसऱ्या वर्षी बाया दिसेनात. शहरातल्या एका दुकानाचा माणूस येऊन तणाचं औषध देऊन गेला होता. पाठीवर पंप बांधून फवारायचं, की तण आपोआप मुरगळून पडतं आणि उसाला काही होत नाही. फवारून झालं की गडी पंप ओढ्यात बुडवून धुवायचे. म्हणजे झऱ्यांच्या वरच्या अंगाला. उसाच्या शेताचं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरायचं, माती तिथं बसायची, आणि वरचं पाणी ओढ्याला लागायचं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या झऱ्याला वास यायला लागला. कुजका नव्हे. दवाखान्यात फरशी पुसतात ना, तसला. वाटी तोंडाजवळ नेली की आधी नाकाला कळायचं. भाकरीला, चहाला, सगळ्याला तोच. सासूबाई म्हणाल्या, "झरा वरच्यावर हाय म्हणून. खोल घे." आम्ही खोल घेतला. वाळू संपून काळा गाळ लागेपर्यंत गेलो. खोल तितकं शुद्ध, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. वास वाढला.

मग मी माहेरी गेले. तम्मा गोठ्यात होता. म्हटलं, "तम्मा, तुज्या त्या औषधाचा वास आमच्या झऱ्याला येतोय."

तो हसला. "अक्का, दवाखान्याचा वास म्हंजे चांगलाच की! किडं मरतील."

"थट्टा नगं. लेकरं पितात."

"अगं, ते आठ दिसांत विरतं. माती खाऊन टाकती त्याला. नाव ऱ्हात न्हाय. दुकानवाल्यानं माज्या म्होरं सांगितलंय. आमी न्हाय का पीत?"

तो असं म्हणाला आणि मी निश्चिंत झाले. उन्हातून चालून आले होते, पाणी मागितलं, तर भावजयीला म्हणाला, "अक्काला ताक दे गं, पानी कशाला?" तांब्याभर ताक पाजलं त्यानं मला. घरी येताना मी वाटभर तेच म्हणत होते, केवढी माया करतो.

पावसाळा आला, ओढा वाहता झाला, वास गेला. मीही विसरले. दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले. पाट मांडला, तम्माला ओवाळलं. तो साडी पुढं करत होता, तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, "साडी नगं. मला गाळ दे."

सगळे हसले. पण तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर हसणार नाही. आमच्या मुरमाड जमिनीला गाळाची टोपली म्हणजे तुपाची धार. उन्हाळ्यात ओढ्या-तळ्यातला काळा गाळ गाड्या भरून नेऊन रानात पसरायचा, ही आमची जुनी रीत. आणि तम्माच्या त्या खड्ड्यात गाळ कसा बसला होता! काळाभोर, लोण्यासारखा.

म्हटलं, "खड्डा आटला की दोन गाड्या धाड. तवर ओवाळणी उधार."

अव्वा कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती मान वर न करता कानडीत म्हणाली, "ब्याड." म्हणजे नको. एवढंच.

मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, लेकीला गाळसुद्धा द्यायला हिचा जीव होईना. तम्मा मात्र मोठ्यानं म्हणाला, "अगं अव्वा, अक्कानं मागितलं आनि मी न्हाय म्हनू? दोन न्हाय, चार गाड्या न्हे!" भावजय चुलीपाशी होती, ती जाळ सारत राहिली. मी साडी परत तिच्याच हातात दिली आणि हसत घरी आले.

वैशाखात गाड्या आल्या. माझ्या भावाची बैलं, माझ्या भावाची गाडी, वर गाळाचा डोंगर. आळीतल्या बाया बघायला आल्या. मी त्यांना गूळ-शेंगा दिल्या. टोपल्याटोपल्यानं सगळ्या तुकड्यावर पसरला. ढेकळं फोडताना आतून तोच दवाखान्याचा वास थोडा आला, पण मी स्वतःशीच म्हटलं, विरलंय ते, नुसता वास राहिला असेल.

मृगात रोपं लावली. पाऊस वेळेवर झाला. वांगी धरली, टोमॅटो हातभर झाले. मग एके सकाळी बघते तर टोमॅटोचे शेंडे खाली वळलेले. पाणी कमी पडलं म्हणून वळतात तसे नव्हेत. पिळलेले, ओलं फडकं पिळल्यासारखे. नवी पानं सुतळीसारखी बारीक. वांग्यांची फुलं गळाली. गवारीची देठं फुगून चिरली. मी राख टाकली, ताक शिंपडलं, दृष्टसुद्धा काढली. रोज सकाळी एक ओळ नवी मुरगळलेली असायची.

सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहायच्या. "माहेरचा गाळ लई मानवला बाई तुझ्या माळव्याला!"

मी मुरगळलेली रोपं मोजत राहायची.

मंद्रूपच्या बाजारात शेतकी खात्याचे एक साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. मी दोन शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेले. त्यांनी उलटसुलट बघितले आणि विचारलं, "वरच्या अंगाला कुणी उसात तणाचं औषध मारतं का?"

म्हटलं, "मारतात. आमच्या झऱ्याला दवाखान्याचा वास येत हुता, आनि यंदा रानात गाळबी टाकलाय. पर ते औषध आठ दिसांत विरतं म्हनं."

"विरतं ना. पण बाई, साखर पाण्यात विरली म्हणजे कुठे जाते?"

"पान्यातच की."

"तसंच. शिवाय या औषधाचे विरताना तुकडे पडतात. मूळ औषध एक, तुकडे वेगळेच. तो दवाखान्याचा वास बहुतेक त्यांचाच. काही पाण्याबरोबर पुढे जातात, काही गाळाला धरून बसतात. उघड्या रानात ऊन-वाऱ्यानं लवकर निघून जातात, पण गाळाखाली ऊनही नाही, वाराही नाही. तिथे राहतात. तुकडे राहतात, कधी मूळ औषधही राहतं." मग ते म्हणाले, "मलाही सगळं ठाऊक नाही. पण गाळ काढून टाका आणि ते पाणी पिऊ नका. वाळू केरकचरा अडवते, हे नाही अडवत. गाळ कुठून आणला?"

"भावानं दिला," मी म्हटलं.

त्यांनी शेंडे परत फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले.

आता बघा हं, तेव्हा माझ्या मनात काय आलं. राग नाही आला. मला भीती वाटली ती तम्मासाठी! म्हटलं, अरे देवा, तो तर बिचारा दुकानवाल्याच्या शब्दावर बसलाय. त्याची लेकरं तेच पाणी पितात, अव्वा पिते. त्याला सांगायला पाहिजे. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती, पंचमीला लेकी माहेरी जातातच. मी ते शेंडे पदराला बांधले आणि निघाले.

पोचले तेव्हा घामाघूम झाले होते. तम्मा शेतात होता. अव्वा आणि भावजय घरी. भावजयीनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मी एका दमात अर्धा तांब्या प्याले आणि थांबले.

पाणी गोड होतं.

पुन्हा एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. वास नाही, काही नाही. आमच्या झऱ्याचं पाणी पूर्वी होतं तसं.

"हे कुटलं पानी गं?"

"मठाजवळच्या आडाचं, वन्सं," भावजय म्हणाली. "लांब पडतंय, पर गोड हाय."

"कदीपासनं आनताय?"

"आता गेल्या साली उन्हाळ्यापासनं की. तुमी त्या वासाचं सांगायला आला हुता न्हवं, त्येच्या आदीपासनं. ह्यांनीच सांगितलं, ओड्याचं घरात आनायचं न्हाय म्हनून."

मला ते ताक आठवलं.

मी पदर सोडला आणि शेंडे तिच्यापुढं धरले. ती बघून पटकन म्हणाली, "अगंबाई, तुमच्यातबी तसंच झालं व्हय?"

"तसंच म्हंजे?"

तिनं जीभ चावली. अव्वाकडं बघितलं. मी उठून परसात गेले. परसात तिचे वांग्यांचे वाफे असायचे, तिथं आता खड्डा होता. माती खरवडून काढलेली, आणि गोठ्यामागं वाळक्या काटक्यांचा ढीग. पावसानं काळ्या पडल्या होत्या, पण पीळ तोच. काटक्या वर्षाच्या जुन्या दिसत होत्या, म्हणजे भाऊबीजेच्या आधीचाच हंगाम तो. म्हणजे त्यांनी गाळ आधी स्वतःच्या परसात टाकून बघितला होता.

तम्मा आला. मी तांब्या हातात धरूनच बसले होते. त्यानं तांब्या बघितला, माझं तोंड बघितलं आणि चपला काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"तम्मा, आमी न्हाय का पीत, म्हनाला हुतास."

"अगं, पोरं ल्हान हायत. वासानं पीत न्हवती."

"आनि माजी काय मोठी हायत?"

"तुला सांगून काय केलं असतंस? ऊस उपटाय लावली असतीस?"

"गाळ का दिलास?"

"मी कुटं दिला?" तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, ते लहानपणीचंच, चोरून गूळ खाल्ल्यावरचं. "तूच मागितलास की अक्का. भाऊबीजेला, समद्यांदेखत. न्हाय म्हनलो असतो तर कशापायी म्हनून इचारलं असतंस. खड्डा तर उपसायचाच हुता. मला वाटलं, तुज्या रानात जिरून जाईल."

मी अव्वाकडं वळले. "अव्वा, तुलाबी ठावं हुतं?"

"मी ब्याड म्हनलं हुतं की."

"येकदा म्हनलीस. कशापायी ब्याड, त्ये न्हाय सांगितलंस."

अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "मला हितंच ऱ्हायाचं हाय गं."

ते खरंच होतं. मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं, कारण परतीची वाट उन्हाची होती, आणि निघाले. पंचमीला थांबले नाही. लेकीनं पंचमीच्या तोंडावर माहेरातून परत जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. भावजय वेशीपर्यंत मागं आली. "वन्सं, वन्सं" करत होती. मी वळून बघितलं नाही.

पंचमीला जमीन खणायची नाही, म्हणून पंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून लागले. रोपं उपटली आणि गाळ खरवडायला घेतला. खालच्या चांगल्या मातीसकट निघत होता. मला वाटलं सासूबाई बांधावर येऊन काहीतरी लावून बोलणार. त्या आल्या, पदर खोचला, टोपलं उचललं आणि म्हणाल्या, "कुटं टाकायचं ते बोल." त्यानंतर माहेराचा टोमणा त्यांनी मला कधीच मारला नाही. मला तो हवा होता, असं कधीकधी वाटतं.

मालक म्हणाले, "वड्यात ढकल. आला तसा जाईल म्होरं."

मी नाही म्हटलं. आमच्या खाली दोन वस्त्या होत्या. त्या बायांचे झरे होते. त्यांच्या दृष्टीनं वरच्या अंगाला राहणारी मीच की. आम्ही तो गाळ टोपल्याटोपल्यानं चढावरच्या माळावर नेऊन पसरला, उन्हात. मग खालच्या बायांना जाऊन सांगितलं की झऱ्याचं पाणी पिऊ नका. त्यांतल्या एकीनं विचारलं, "वर कोन मारतं गं औषध?" मी म्हटलं, "माजा भाऊ." ती म्हणाली, "मग त्याला सांगत न्हाईस व्हय?"

तुकड्यात त्या साली मालकांनी ज्वारी पेरली. ज्वारीला काही झालं नाही, चांगली आली. पण ज्वारी म्हणजे माळवं नव्हे. आठवड्याच्या बाजाराला टोपलं गेलं नाही. श्रावण सरता सरता सडकेचं काम निघालं आणि मी खडी फोडायला गेले. तोच हातोडा, सासूबाईंनी माळ्यावरून काढून दिला. पाणी आम्ही दुष्काळात खणलेल्या सरकारी विहिरीचं आणायला लागलो. लांब होती, पण पाणी चांगलं होतं.

दिवाळी आली. मी भाऊबीजेला गेले नाही. तर तम्माच आला, नवी टोपी घालून, साडी घेऊन. दारात भाऊ आलाय आणि बहिणीनं ओवाळायचं नाही, हे मला जमणार नव्हतं. पाट मांडला. कुंकू लावताना माझ्या बोटांच्या भेगा त्याच्या कपाळाला लागल्या. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घातली. निरांजन फिरवलं. त्यानं साडी ताटात ठेवली, मी घेतली. गाळाचं तोही बोलला नाही, मीही नाही. इकडचं तिकडचं बोललो, अव्वाचे गुडघे, बैल, पाऊस. मी मनात म्हणत होते, कडेवर वाढवलाय, होईल हळूहळू.

मग तो म्हणाला, "अक्का, पानी दे."

मी माठातलं पाणी तांब्यात घेतलं. विहिरीचं, सकाळीच आणलेलं, गाळलेलं. तांब्या त्याच्या हातात दिला.

त्यानं तांब्या तोंडाशी नेला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं नाही. मान जराशी वाकवली आणि पाण्याचा वास घेतला. मगच प्याला.